क्रूस उचलणे म्हणजे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्धापनदिनाला कोणीतरी आपल्या घरच्या धर्माविषयी चार शब्द सांगावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषय मात्र मी निवडलेला नाही. आपल्या चिटणीसबाईंनी तो दिला आणि देताना एक प्रश्नही विचारला. त्या म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. ज्याच्यावर तुमच्या देवाला हालहाल करून मारलं, तेच तुम्ही सोन्यात घडवून गळ्यात कसं घालता? फाशीचा दोर कुणी गळ्यात मिरवतं का?"

राग येण्याचे कारणच नव्हते. मला तर हा प्रश्न फार आवडला. आम्हां ख्रिस्ती बायकांच्या डोळ्यांना क्रूसाची इतकी सवय झालेली असते की असा प्रश्न आमच्या मनातही येत नाही. देवळाच्या शिखरावर क्रूस, घराच्या दारावर क्रूस, कबरीवर क्रूस, भाकरीचा पहिला घास घेण्याआधी कपाळापासून छातीपर्यंत बोटांनी काढलेला क्रूस. रोजच्या वापरातल्या भांड्याकडे जसे आपण निरखून पाहत नाही, तसेच हे होते. बाहेरच्या माणसाने विचारले म्हणजे मग आपण भांडे हातात घेऊन उलटसुलट पाहतो.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले आणि सासर वसईचे. माहेरी आम्ही प्रॉटेस्टंट, सासरी सगळे कॅथलिक. त्यामुळे या एका वस्तूची दोन नावे माझ्या कानांवर पडली. माहेरी शास्त्रपाठात 'वधस्तंभ' हा शब्द होता, सासरी 'क्रूस'. गोव्याकडच्या आमच्या विहीणबाई 'खुरीस' म्हणतात. क्रूस आणि खुरीस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले, आणि चारशे वर्षे वापरून ते इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांना धारच उरलेली नाही. वधस्तंभ म्हटले की धार कळते. वध करण्याचा खांब. चिटणीसबाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की होय बाई, ती वस्तू तीच आहे, आम्ही ती लपवलेली नाही.

रोमन लोकांच्या राज्यात ही शिक्षा सगळ्यांना नसे. स्वतः रोमन नागरिक असलेल्याला सहसा तलवारीने मारीत. खांब होता तो गुलामांसाठी, बंडखोरांसाठी, लुटारूंसाठी, ज्यांचे कोणी विचारणारे नाही त्यांच्यासाठी. इसवी सनापूर्वी ७१ साली स्पार्टाकस नावाच्या गुलामाचे बंड मोडल्यावर कापुआ गावापासून रोम शहरापर्यंतच्या हमरस्त्यावर सहा हजार गुलामांना असे खांबांना ठोकले होते. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे आणि धडा घ्यावा हाच हेतू. माणूस मरायचा तो हळूहळू, उघडा, भर रस्त्यात, लोकांच्या थट्टेत. मरणापेक्षाही विटंबना मोठी.

अशा मरणाने मेलेल्या माणसाला देव म्हणणे हे त्या काळच्या लोकांना वेडेपणाचे वाटले तर नवल काय? रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका जुन्या भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडून काढलेले एक चित्र १८५७ साली सापडले. ते साधारण अठराशे वर्षांपूर्वीचे असावे असे मानतात. चित्रात खांबाला टांगलेला एक माणूस आहे, पण त्याचे डोके गाढवाचे. समोर एक तरुण हात वर करून उभा आहे, आणि खाली ग्रीक अक्षरांत लिहिले आहे की हा अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. कोणा टवाळ सोबत्याने त्या पोराची चेष्टा केली असावी. बिचारा अलेक्सामेनोस! त्याच्याविषयी दुसरे फारसे काही कोणाला ठाऊक नाही. पण आपल्या शाळेच्या भिंतींवर पोरे एकमेकांची नावे लिहितात ना, अगदी तसेच आहे ते.

म्हणूनच पहिल्या तीनशे वर्षांत ख्रिस्ती लोक आपली खूण म्हणून मासोळी काढीत, नांगर काढीत, खांद्यावर मेंढरू घेतलेला धनगर काढीत. क्रूसावरचा ख्रिस्त उघडपणे कोरायचे धाडस फार उशिरा झाले. रोममधल्या सांता साबिना देवळाच्या लाकडी दारावर असे एक जुने कोरीवकाम आहे, ते पाचव्या शतकातले. तोपर्यंत या शिक्षेची चाल बंद पडली होती. ज्यांनी डोळ्यांनी खांबावरची माणसे पाहिली होती, त्यांना त्याचा दागिना करणे जमण्यासारखे नव्हते. चिटणीसबाई, तुमचा प्रश्न त्यांना लगेच पटला असता.

मग आम्ही त्याला कवटाळून का बसलो? मी काही धर्मपंडित नाही, पण जसे आईकडून आणि पुढे सासूबाईंकडून समजले तसे सांगते. आमची श्रद्धा अशी की देव माणसांवर लांबून, सिंहासनावर बसून दया करीत नाही. तो खाली उतरतो. आणि उतरतो तोही कुठवर, तर जिथे माणसाचे माणूसपण काढून घेतात तिथवर. जगातल्या सगळ्यांत खालच्या जागी, गुलामाच्या जागी, दोन लुटारूंच्या मधोमध. आमची पापे त्याने स्वतःवर घेतली असे आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ मला तरी असा कळतो की ज्या वाईटाचा माणूस दुसऱ्यावर वार करतो तो वार त्याने स्वतःवर झेलला आणि परत फेकला नाही. वाईट तिथेच थांबले. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. हा शेवटचा भाग काढला तर बाकीची सगळी गोष्ट नुसती करुण होईल. प्रॉटेस्टंटांच्या देवळात रिकामा क्रूस असतो तो यासाठी. कॅथलिकांच्या देवळात क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असते ती आपल्यासाठी काय सोसले याचा विसर पडू नये म्हणून. लग्न होऊन गेल्यावर पहिल्या वर्षी मी आणि माझ्या जाऊबाई यावरून खूप वाद घालीत असू. आता दोघी म्हाताऱ्या झालो आणि वाद मिटला.

उभे लाकूड देवाकडे जाते आणि आडवे माणसांकडे, असे प्रवचनात पुष्कळदा सांगतात. ऐकायला गोड आहे. पण लाकडांची मांडणी रोमन शिपायांनी ठरवलेली होती, आणि त्यांच्या मनात असले काही नव्हते. मला त्यापेक्षा आमच्या वसईकडचे साधे क्रूस जास्त काही सांगतात.

वसईच्या वाड्यांतून हिंडलात तर वळणावळणावर चुना दिलेला दगडी क्रूस दिसेल. त्याला झेंडूचा किंवा मोगऱ्याचा हार असतो, खाली मेणबत्त्यांचे वितळलेले थर असतात. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतल्या बायका, पोरे, म्हातारी माणसे तिथे जमून प्रार्थना म्हणतात, मग चणे नाहीतर लाडू वाटतात, आणि पोरांची अर्धी भक्ती त्यासाठीच असते. मुंबईत गिरगाव, माझगाव, वांद्रे इथे गल्लीच्या तोंडाशी असे कितीतरी क्रूस आहेत. त्यांतले पुष्कळ १८९६ साली प्लेग आला त्या वेळचे. माणसे पटापट मरत होती, शहर ओस पडत होते, आणि जी मागे राहिली त्यांनी आपल्या गल्लीत क्रूस उभारला. प्लेग टळो म्हणून नवस, हा त्यात भाग होताच. पण आमच्या दाराशी जे मरण आले आहे ते तुलाही माहीत आहे, असे देवाला सांगण्याचाही तो एक प्रकार होता असे मला वाटते.

आमच्याकडे उपवासकाळ सुरू होतो तो राखेच्या बुधवारी. त्या दिवशी धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात. ही राख कसली? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या जयजयकार करीत हातात धरल्या, त्याच जाळून केलेली. जयजयकाराची वर्षभरात राख होते, हे सांगायला वेगळे प्रवचन लागत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी आज उभी राहायला कबूल झाले त्या गोष्टीकडे येते. आमच्या घरांतून एक वाक्य फार सहज बोलले जाते, "हा तुझा क्रूस आहे, उचल आणि गप्प राहा." तुमच्या घरांतून हेच वाक्य नशीब, प्रारब्ध, बाईचा जन्म अशा शब्दांत बोलले जात असेल. शब्द निराळे, दम तोच. आणि गंमत अशी की हे वाक्य पुरुषाला सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगत नाही, कारण तिची मुले आता मोठी झाली आहेत. नवरा कामाला चांगला, पण संध्याकाळी दारू पिऊन आला की हात उचले. ती वडीलधाऱ्यांकडे गेली. देवळातल्या जाणत्या माणसांकडे गेली. सगळ्यांनी एकच सांगितले, येशूने एवढा मोठा क्रूस वाहिला, तुला एवढासा वाहवत नाही? तिने अकरा वर्षे वाहिला. एका कानाने तिला ऐकू येईनासे झाले. त्याबद्दलही कोणी तिला वाईट वाटून घेऊ दिले नाही, कारण क्रूसाविषयी कुरकुर करणे हे पाप!

मी शुभवर्तमान काढून बसले. येशूने खरोखर असे काही सांगितले आहे का, ते मला पाहायचे होते. आणि तुम्हांला सांगते, तिथे जे आहे ते अगदी उलट आहे. नासरेथ या त्याच्या स्वतःच्या गावी लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. तिथे त्याने क्रूस समजून उडी घेतली नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने देवाजवळ मागणे केले की शक्य असेल तर हे दुःख माझ्यावरून टळू दे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केले, घाम गळेपर्यंत केले. दुःख हवेसे वाटणारा तो माणूस नव्हता. मुख्य याजकापुढे एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. माझे काय चुकले ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने सरळ विचारले. हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि आमच्या देवळात दर गुड फ्रायडेला मोठ्याने वाचले जाते. आम्ही सगळ्या ते उभ्याने ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. आणि शेवटी खांबावर त्याने जो आक्रोश केला तो तर देवालाच विचारलेला प्रश्न होता, मला का टाकलेस म्हणून. तेव्हा विचारणे, ओरडणे, निघून जाणे यांतले काहीच क्रूसाच्या विरुद्ध नाही.

मग क्रूस उचलणे म्हणजे काय? येशूचा शब्द 'उचलणे' असा आहे. जे आपल्यावर कोणी लादते ते आपण उचललेले नसते. दारुड्याची लाथ ही क्रूस नव्हे, ती लाथच. क्रूस म्हणजे जे टाळता आले असते, ज्यापासून मान फिरवून निघून जाता आले असते, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी, प्रेमापोटी जे आपण आपल्या खांद्यावर घेतले, ते.

त्या बाईच्या गोष्टीत क्रूस कोणी उचलला ते आता ऐका. तिच्या सासूने! म्हातारी पंचाहत्तरीला आलेली, गुडघ्यांनी अधू. एका रात्री तिने सुनेला आणि नातवंडांना घेतले, रिक्षा केली, आणि आधी चौकीवर आणि मग सुनेच्या माहेरी नेऊन पोहोचवले. स्वतःच्या मुलाविरुद्ध तिने चौकीवर जबानी दिली. पुढे दोन वर्षे नातेवाईकांनी तिच्याशी बोलणे टाकले. गावात म्हणत, आई आहे की वैरीण? ती देवळात मागच्या बाकावर एकटी बसायची. तिला काय गरज होती हो? घरात गप्प बसली असती तर मुलगा तिला दोन वेळचे जेवण घालीतच होता. मी जेव्हा क्रूस उचलणारे माणूस डोळ्यांपुढे आणते, तेव्हा मला ती गुडघे धरून रिक्षात चढणारी म्हातारी दिसते.

त्या वेळी अशा बायकांना कायद्याचा आधार आजच्याइतका नव्हता. पुढे २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरात तो लागू झाला. त्यात राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही, आणि तक्रार घेऊन पुढे नेण्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या मंडळात याची माहिती मागेही दिली होती. ज्या ख्रिस्ती बहिणींना वाटते की तक्रार केली तर क्रूस टाकल्यासारखे होईल, त्यांच्यासाठी मी आज हे मुद्दाम पुन्हा बोलते आहे.

क्रूसाच्या वाटेवर येशूलाही मदत लागली, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो खचला तेव्हा शिपायांनी शेतावरून येणाऱ्या एका माणसाला धरले आणि त्याच्या खांद्यावर तो खांब दिला. त्याचे नाव शिमोन, गाव कुरेने, म्हणजे आजच्या लिबियातले. कॅथलिक देवळांच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे असतात, त्यांतले पाचवे या शिमोनाचे. देवाच्या पुत्राला एकट्याने वाहवले नाही, तर आपल्या सुनांनी, लेकींनी एकटीने वाहावे असा हट्ट आपण कोणत्या तोंडाने धरतो?

इथे एक नाव घ्यावेसे वाटते. त्या बाई ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांना आमच्या धर्मात ओढण्याचा माझा मुळीच विचार नाही. सावित्रीबाई फुले. १८९७ साली पुण्याकडे प्लेग पसरला. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका अस्पृश्य घरातला मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सावित्रीबाई गेल्या आणि त्या पोराला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातूनच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय साठीच्या पुढचे. पाठीवर रोगी पोर घेऊन चालणारी बाई. मला जर कोणी म्हटले, क्रूसाची वाट मराठी मुलखात दाखव, तर मी मुंढव्याची ती वाट दाखवीन. सावित्रीबाईंना हा शब्द मान्य झाला असता की नाही, हा प्रश्न वेगळा.

आमच्यातल्या पंडिता रमाबाईंचे तर तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना गळ्यात घालायला क्रूस देऊ केला, त्यावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी पत्र लिहून हरकत घेतली. लॅटिन मला येत नाही आणि माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही, मग न समजणारी अक्षरे मी गळ्यात का बाळगू? अक्षरे हवीतच तर माझ्या देशाच्या संस्कृतात असू द्या, असे त्यांचे म्हणणे. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहायचे त्यांनाच हे सांगायचे म्हणजे सोपे नाही! मला ही गोष्ट फार लाडकी आहे. कारण येशूच्या क्रूसावर जी पाटी लावली होती तीही हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावी म्हणून. रमाबाईंनी मागितले ते त्या पाटीशी धरूनच होते.

आणि क्रूसाचा अर्थ त्यांनी गळ्यात ठेवला नाही, केडगावला नेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. बालपणी त्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता, आईवडील त्यात गमावले होते. दुष्काळ म्हणजे काय हे ठाऊक असलेले माणूस पुन्हा दुष्काळात पाऊल टाकायला कचरते. त्या गेल्या. आणि आणलेल्या बायकांना त्यांनी 'सोसा' असे सांगितले नाही. विणकाम दिले, शेती दिली, छापखाना चालवायला शिकवले. त्यांच्या बायबलच्या मराठी भाषांतराची पाने त्याच बायकांच्या हातांनी जुळवली गेली. त्या आश्रमाचे नाव मुक्ती. क्रूसातून निघायचे ते हे.

आता क्षमेविषयी बोलायला हवे, कारण क्रूसावर येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. इथेही घोटाळा होतो. क्षमा कर म्हणजे झाले ते झालेच नाही असे मान, असा अर्थ काढतात. तसा तो नाही.

केरळातल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात इंदूरकडच्या भागात काम करीत. तिथल्या गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी त्या त्यांची संघटना बांधीत होत्या. ते काहींना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये सुरीने भोसकून त्यांचा खून झाला. खुनी पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, याही जोगीणच. २००२ साली राखीच्या सणाला त्या तुरुंगात गेल्या आणि आपल्या बहिणीच्या खुन्याला त्यांनी राखी बांधली. तो २००६ साली सुटला, त्यासाठी या घरच्यांनीच संमती दिली होती. पुढे तो केरळात त्यांच्या आईवडिलांना भेटायलाही गेला. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

या गोष्टीत दोन धागे आहेत, दोन्ही पाहा. तुरुंग होता. कायद्याने आपले काम केले, खून हा खूनच ठरला. आणि राखीही होती. एकाने दुसरे खोडले नाही. राखी बांधायला गेलेल्या बहिणीला कोणी ढकलले नव्हते, ती आपल्या पायांनी गेली. ज्या बाईच्या कानाची गोष्ट मी सांगितली, ती पुढेमागे नवऱ्याला क्षमा करील की नाही हे तिचे तिने ठरवायचे. त्यासाठी तिला त्याच घरात परत धाडण्याची गरज नाही.

इतकी मोठी नावे ऐकून कोणी म्हणेल, आम्हांला एवढे कुठे जमते? पण लूकच्या शुभवर्तमानात येशूने क्रूस उचलण्याविषयी सांगताना एक शब्द जास्त घातला आहे, 'दररोज'. दररोज काही प्लेग येत नाही. दररोज असते ते काय? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे भांडे. मतिमंद मुलाला चौथ्यांदा तोच धडा शिकवणे. जिच्याशी चार वर्षे बोलणे नाही त्या शेजारणीच्या घरी आजारपण आले तर खिचडीचा डबा घेऊन आधी आपण जाणे. हे करताना मान उंच राहत नाही, थोडी खाली जाते, आणि तेवढे पुरे आहे. मात्र करणारीला सुट्टी मिळते की नाही, तेही घरच्यांनी बघावे. शिमोनाला आठवावे. सासऱ्यांचे भांडे मुलानेही उचलायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट राहिली. खांबावर असताना, श्वास घेणे जड जात असताना, येशूने खाली उभ्या असलेल्या आपल्या आईकडे पाहिले. तिच्याजवळ त्याचा लाडका शिष्य उभा होता. हिला तुझी आई मान, असे त्याने शिष्याला सांगितले, आणि त्या दिवसापासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. जगाच्या तारणाचे काम चालू असताना आईच्या डोक्यावरच्या छपराची सोय! मोठमोठ्या ग्रंथांत या ओळीवर पुष्कळ लिहिले आहे. मला ती घरसंसार करणाऱ्या माणसाची ओळ वाटते. शिष्यांतले बरेचसे तेव्हा पळून गेले होते. बायका मात्र उभ्या होत्या. त्याची आई, मग्दाला गावची मरीया आणि आणखी काही जणी. त्यांच्या हातून थांबवण्यासारखे काही नव्हते, पण त्या हलल्या नाहीत.

गुड फ्रायडेला तुमच्याकडे काय करतात, असे पलीकडच्या आळीतल्या काकूंनी मला मघाशी विचारले, तेवढे सांगून बसते. त्या दिवशी आमच्या देवळात घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. वेदीवर कापड नसते, फुले नसतात, मेणबत्त्या नसतात. दुपारी तीनच्या सुमारास प्रार्थना सुरू होते, कारण येशू तीनच्या सुमाराला गेला असे सांगितले आहे. क्रूस पुढे आणतात आणि सगळे जण रांगेने जाऊन त्याच्या पायाशी ओठ टेकतात. रांगेत श्रीमंत-गरीब असा भेद नसतो, आणि बाहेरचे कोणी आले तर त्यांना मागे बसून पाहायला कोणाची ना नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे रिक्षा एकत्र करू. त्या दिवशी आमच्या घरी चूल साधीच असते, पेज आणि लोणचे. रविवारी ईस्टर, त्या दिवशी मात्र जेवायलाच या.